आधी सांदवाडीत, मग वावरात

मिरग आठ-पंधरा दिवसांवर आला. वखरणी झाली, बियाण्याची धावपळ सुरू आहे. या दिवसांत मी इथं बियाणं, खत, तणनाशक याच गोष्टी लिहीत असतो. आज वावराचं नाही, घरामागच्या जागेचं लिहितो, आणि तेही थोडं इतिहासाच्या अंगानं. कारण कारंजा तालुक्यात आपण आज ज्या पिकांवर पोट भरतो, त्यातली काही महत्त्वाची पिकं आधी कोणाच्या तरी घराच्या आवारात रुजली किंवा कोणाच्या चुलीवर शिजली, आणि मग वावरात आली. हा हिशेब आपण ठेवला नाही. आता तर घरामागची जागाच सिमेंटखाली चालली आहे, म्हणून लिहून ठेवतो.

पुस्तकात परसबाग म्हणतात. आपल्याकडं सांदवाडी. शहरातल्या नव्या पोरांसाठी सांगतो, घराच्या मागच्या बाजूला कुडाच्या किंवा काट्यांच्या कुंपणाच्या आत जी जागा असायची ती सांदवाडी. तिची मांडणी कोणी नकाशा काढून केली नव्हती, पण प्रत्येक झाडाची जागा ठरलेली होती. न्हाणीचं पाणी जिथं निघतं तिथं केळी आणि चमकुरा, कारण त्यांना सदा ओल लागते. कुंपणाला हेटा आणि शेवगा. दोन्ही उंच वाढतात, सावली विरळ पडते, खाली भाजी येते. कोठ्याच्या बाजूला उकिरडा, आणि उकिरड्याच्या कडेला कोहळ्याचा वेल, जो आपोआप कोठ्याच्या छपरावर चढायचा. विहिरीजवळ निंबू. समोरच्या अंगणात तुळस, मोगरा, पारिजातक. आता याला लँडस्केपिंग म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. तेव्हा पाण्याचा उतार आणि सावली कुठं पडते एवढंच पाहिलं जायचं, आणि ते काम बहुतेक घरची बाईच पाहायची.

बी तिच्याकडंच असायचं. दोडक्याचं बी वाळलेल्या दोडक्यातच ठेवून आढ्याला टांगलेलं, वालाच्या पोपट शेंगांचं बी राखेत घोळून मडक्यात. कोणाच्या घरी गोड ढेमसं आहे, कोणाच्या वांग्यात बी कमी निघते, हे गावातल्या बायांना पाठ. पोळ्यानंतर महालक्ष्म्या येतात. आपल्या विदर्भात त्या दिवशी सोळा भाज्या लागतात. सोळा भाज्या बाजारातून आणायची कोणाची ऐपत होती? त्या घरून नाही तर शेजारच्या सांदवाडीतून यायच्या. आणि ऋषिपंचमीला बैलाच्या मेहनतीचं खायचं नाही, म्हणजे नांगर-वखर न लावता हातानं पिकवलेलंच पाहिजे. या दोन सणांनी सांदवाडीतली किती वाणं जगवली याचा कोणी अभ्यास करायला पाहिजे. कृषी विद्यापीठातले कोणी वाचत असतील तर त्यांनी मनावर घ्यावं.

आता संत्र्याकडं येतो, कारण कारंजा, आष्टी, आर्वी, पलीकडं काटोल, नरखेड, वरूड हा सगळा पट्टा संत्र्यावर उभा आहे.

संत्रा आपला नाही. त्याचं मूळ चीनकडचं आणि आपल्या ईशान्येच्या डोंगरांकडचं. नारंग हा शब्द संस्कृतात जुना आहे, तो फारसी-अरबीतून फिरत फिरत युरोपात गेला आणि इंग्रजीतलं ऑरेंज त्यातूनच झालं. पण नागपूरकडं जो संत्रा आला त्याची हकीकत अशी सांगतात, की दुसरे रघुजीराजे भोसले यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस औरंगाबादहून रोपं आणली आणि आपल्या वाड्याच्या परसबागेत लावली. संत्र्यावरच्या बहुतेक लिखाणात हे पहिल्याच पानावर असते. आपण ते वाचतो आणि पुढं जातो. मला त्यातला एक शब्द थांबवतो. परसबाग. राजा होता, हजारो एकर त्याच्या हुकमात होते. मग परसात काहून लावली?

माझ्या समजुतीनं उत्तर सोपं आहे. औरंगाबाद नागपूरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर. बैलगाडीनं किंवा घोड्यावर, ओल्या फडक्यात गुंडाळून आलेलं रोप. त्यातलं अर्धं वाटेतच सुकलं असणार. जे उरलं ते डोळ्यांसमोरच पाहिजे. रोज सकाळी कोणीतरी त्याच्याकडं बघणार, पाणी देणार, पान पिवळं पडलं तर ओरडणार. नवीन झाड लांबच्या वावरात सोडता येत नाही. राजा असो की आपण, नवीन झाड आधी घराजवळ लागते.

भोसल्यांना बागांचा शौक होता. नागपूरची तुळशीबाग, महाराजबाग, तेलंगखेडीची बाग ही नावं त्याच काळातली. यातल्या महाराजबागेचं पुढं काय झालं ते आपल्या विषयाला धरून आहे. राज्य गेलं, इंग्रज आले आणि राजाच्या बागेच्या जमिनीवर सरकारी शेतीचे प्रयोग सुरू झाले. १९०६ साली तिथंच कृषी महाविद्यालय उभं राहिलं, जे आज अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली आहे. म्हणजे आपल्या भागाचं शेतीचं शिक्षण एका बागेतच सुरू झालं.

राजाच्या परसातून संत्रा सरदारांच्या, मालगुजारांच्या बागेत गेला. सामान्य कास्तकाराकडं तो उशिरा आला, कारण संत्र्याला ओलीत पाहिजे आणि ओलीत म्हणजे विहीर, मोट आणि बैलाची चांगली जोडी. आपल्या भागात गवळाऊ बैल होता हे आपलं नशीब. आपल्याच तालुक्यात हेटीकुंडीला त्याचं पैदास केंद्र आहे. मोटेवर किती झाडं जगवता येतात? गरिबाच्या घरी एक-दोन झाडं, तीही विहिरीजवळ. पुढं इंजिन आलं, मग विजेचा पंप आला, आणि १९९० साली रोजगार हमीला फळबाग जोडली गेली. खड्डे खोदायची मजुरी, रोपांचे पैसे सरकारनं दिले, तेव्हा संत्रा खऱ्या अर्थानं आपल्या गावागावांत पसरला. नागपूरचं लिंबूवर्गीय फळांचं केंद्रीय संशोधन केंद्र १९८५ चं, नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळालं. हे सगळं गेल्या चाळीस वर्षांतलं आहे. त्याआधीची जवळपास दोनशे वर्षं संत्रा बागेत आणि परसातच शिकत होता. किंवा आपण त्याच्याकडून शिकत होतो म्हणा.

काय शिकलो? मुख्य म्हणजे ताण.

संत्र्याला सदा ओल दिली की तो पानंच देत राहतो. त्याला काही दिवस तहान लागली पाहिजे, वाढ थांबली पाहिजे, मग पाणी मिळालं की तो फुलतो. थंड मुलखात हे काम थंडी करते. आपल्याकडं थंडी पुरत नाही, म्हणून पाणी तोडावं लागते. डिसेंबरमध्ये पाणी बंद करून जानेवारीत सोडलं की आंबिया बहार, उन्हाळ्यात ताण देऊन पावसावर फुलवला की मृग बहार. आंबियाची फळं दिवाळीच्या आगेमागे, मृगाची फेब्रुवारी ते एप्रिल. जमीन हलकी असेल तर ताण कमी दिवस, भारी काळी असेल तर महिना-दीड महिना. आता याचे तक्ते छापलेले मिळतात. पण न्हाणीच्या पाण्यावर लावलेला संत्रा डेरेदार होतो आणि फळ देत नाही, आणि विहिरीपासून जरा दूर लावलेला, उन्हाळ्यात कोणी विसरलेला, तो मिरगात पांढरा होऊन जातो, हे ज्याच्या आवारात दोन झाडं होती त्याला तक्त्याविना दिसत होतं. जुनी माणसं म्हणायची, ‘मोरीचा संत्रा सावलीचा.’

दुसरी गोष्ट डिंक्याची. खोडाशी पाणी साचलं की साल सडते, डिंक गळतो, झाड दोन-तीन वर्षांत वाळते. काळ्या जमिनीत हा रोग आपल्या बागा खाऊन राहिला. तरी आजही कित्येक बागांत आळं खोडाला लागून असते आणि पाणी खोडाला भिडते. दुहेरी आळं करा, आतली गोलाई कोरडी, पाणी बाहेरच्या गोलाईत, हे शास्त्रज्ञ घसा फोडून सांगतात. कलम लावताना डोळ्याचा जोड जमिनीच्या वर एक वीत तरी राहिला पाहिजे. जंबेरीवर कलम बांधतात ते उगाच नाही. खालची जंबेरी मातीशी झगडते, वरचा संत्रा नाजूक. जोड मातीत गेला की बांधणाऱ्याची सगळी कला मातीत गेली.

डिंक्याला आपण बोर्डो मलम लावतो. एक भाग मोरचूद, एक भाग कळीचा चुना, दहा भाग पाणी. हे बोर्डो नाव फ्रान्समधल्या बोर्दो शहराचं. तिकडं द्राक्षाच्या बागा. रस्त्यानं जाणारे लोक कडेचे घड तोडून न्यायचे, म्हणून मळेवाले रस्त्याकडच्या वेलांवर मोरचूद-चुन्याचं निळसर पाणी शिंपडायचे. विषारी दिसलं की कोणी हात लावणार नाही. मिलार्डे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की बाकी वेलांची पानं केवड्यानं गळाली आणि हे निळे वेल मात्र हिरवे आहेत. त्यानं प्रयोग करून १८८५ मध्ये ते जाहीर केलं. चोरासाठी केलेला उपाय रोगाला लागू पडला. आपल्याकडं निंबूच्या झाडावर जुनी चप्पल टांगतात, तिचा मात्र अजून काही फायदा दिसला नाही.

संत्रा एकटाच बाहेरून आलेला नाही. मिरची, पपई, पेरू, बटाटा, भुईमूग आणि ज्याला आपण भेदरं म्हणतो ते टमाटर, हे सगळे अमेरिका खंडातून, समुद्रापलीकडून आले. दसऱ्याला ज्याच्याशिवाय तोरण होत नाही तो झेंडूही मेक्सिकोचाच. आता आठवून पाहा. तुमच्या लहानपणी झेंडू वावरात होता का? अंगणात, तुळशीजवळ चार झाडं. दसऱ्याला फुलं तोडली, एक फूल वाळवून ठेवलं, पुढच्या मिरगात चुरडून टाकलं, झालं. आज झेंडूचे एकरच्या एकर आहेत, आणि संत्र्याच्या किंवा भाजीच्या ओळींत सूत्रकृमी कमी व्हावेत म्हणून झेंडू लावायला सांगतात. पपईचंही तसंच. एक झाड न्हाणीमागं होतं तोवर पपई म्हणजे आजाऱ्याला द्यायचं फळ. मग तैवानचं बियाणं आलं आणि पपईचे प्लॉट झाले.

आता जे सांगतो ते आपल्या जिल्ह्यातलं आहे, पण फार कमी जणांना माहीत असते.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग घरासकट दिली. तिचं नाव पडलं मगनवाडी. इथंही पुन्हा बागच. १९३५ चं सालभर गांधीजी तिथं राहिले आणि त्यांनी खाण्यापिण्याचे जे प्रयोग केले त्यातले काही ऐकून आजही हसू येते, काही ऐकून गप्प व्हायला होते. हिरव्या पानांवर त्यांचा भर होता. गाजराची, मुळ्याची पानं आपण फेकतो, ती खा, असं त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं. कडुनिंबाच्या पाल्याची चटणी तर पंगतीत नेमानं वाढली जायची, आणि पाहुण्यांची तोंडं वाकडी व्हायची. पण आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच १९३५ मध्ये मगनवाडीच्या स्वयंपाकघरात सोयाबीन शिजलं. दूध-डाळ न परवडणाऱ्याला हे चालेल का, किती शिजवावं लागते, पचते का, हे तिथं पाहिलं गेलं आणि ‘हरिजन’मध्ये त्यावर लेख आले.

विचार करा. सोयाबीन हे नाव आपल्या वावरात १९८० नंतर ऐकू यायला लागलं. मध्य प्रदेशात जबलपूरच्या कृषी विद्यापीठानं अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठासोबत साठच्या दशकात काम केलं, तिथून ते पीक पसरत आपल्याकडं आलं आणि ज्वारी, मूग, उडदाची जागा त्यानं घेतली. आणि त्याच्या पन्नास वर्षं आधी, इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर, ते चुलीवर होतं. फरक एवढाच, की तिथं प्रश्न ‘हे माणसानं कसं खायचं’ असा होता. आपल्याकडं आलं तेव्हा प्रश्न ‘क्विंटलला भाव काय’ असा झाला. आजही आपण ढिगानं सोयाबीन पिकवतो, पण त्याची उसळ किती घरी होते? तेल मिलमध्ये जाते, ढेप परदेशात जाते, आणि तिकडं भाव पडला की आपण इथं बसून आकडे पाहतो. जे पीक घरच्या ताटात कधी आलं नाही, त्याचा भाव पडल्यावर निदान खाऊन टाकू म्हणायचीही सोय राहत नाही.

१९३६ मध्ये गांधीजी शेगावला राहायला गेले, ज्याचं पुढं सेवाग्राम झालं. आश्रमात आजही त्या साली त्यांनी लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ आहे. कोणी गेले तर झाडांखाली जरा थांबा. उघडं अंगण, खाली सारवलेली-झाडलेली माती, कडेला मोजकीच झाडं. शोभेचं म्हणून काही केलेलं नाही आणि तरी त्या जागेसारखी शोभा मी कुठल्या रिसॉर्टमध्ये पाहिली नाही.

मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते. शिकलेले हिशेबनीस, त्यांचं सगळं डोकं आकड्यांत. त्यांनी एक हिशेब मांडला तो शेतीवाल्यांनी पाहण्यासारखा आहे. एका माणसाला रोज काय काय लागते ते आधी ठरवलं आणि मग त्यासाठी गावानं कोणतं पीक किती जमिनीत घ्यावं ते काढलं. त्यात धान्य १६ औंस, भाजी ८ औंस, बटाटा-कंद ४ औंस, फळ ४ औंस असं धरलं होतं. ८ औंस म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. पाच माणसांच्या घराला रोज किलोभराच्या थोडी वर भाजी झाली. आता आपल्या घरचा हिशेब लावा. संत्र्याची पाचशे झाडं असलेल्या घरात आठवड्याच्या बाजारातून दोन पिशव्या भाजी येते, तिसऱ्या दिवशी ती सुकते आणि मग डाळ-भात, बेसन. वावर आहे, पाणी आहे, माणसं आहेत. भाजी मात्र विकतची.

पवनारला विनोबा होते. १९५० च्या आसपास त्यांनी पैशाशिवाय आणि बैलाशिवाय शेती करून पाहायचं ठरवलं. विहिरीचा रहाट माणसांनीच फिरवायचा, कुदळ-फावड्यानं माती करायची. त्याला ते ऋषिशेती म्हणत. वर सांगितली ती ऋषिपंचमीची भाजी त्यांच्या मनात असणार असं मला वाटते. मोठ्या वावरात हे जमत नाही, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कापूस-तुरीच्या दहा एकराला कुदळ पुरत नाही. पण दोन गुंठ्यांत जमते, आणि भाजीला दोन गुंठे पुष्कळ झाले.

खताचंही असंच. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी हयात खर्च करून जी पद्धत बसवली ती नाडेप टाकी आज कित्येक आवारांत आहे. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीला भोकं ठेवलेली. कमी शेणात, काडीकचरा आणि माती थरांनी भरून खत. सरकारी योजनेत टाक्या बांधल्या गेल्या. काहींत खत होते. काहींत शेळ्या बांधतात, तेही पाहिलं.

आता दुसऱ्या बाजूचं. परसाचा टप्पा गाळला तर काय होते.

मोगली एरंड, ज्याला चंद्रज्योत, रतनज्योत म्हणतात, तो आपल्या आजोबांच्या काळापासून कुंपणाला होता. जनावर खात नाही, फांदी खोचली की लागते, एवढ्यासाठी. त्याला शेंगा किती येतात हे रोज त्या कुंपणाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. चार ओंजळी. दिव्याला तेल निघालं तर निघालं. मग २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीनं जैवइंधनाचा अहवाल दिला आणि देशभर मोगली एरंडाची लाट आली. पडीक जमिनीत लावा, पाणी लागत नाही, एकरी इतकं तेल, डिझेलची चिंता मिटली. रोपं विकणारे गावोगाव आले. अनेक राज्यांत लागवड झाली आणि पुढं बहुतेक ठिकाणी ती सोडून द्यावी लागली. झाड जगलं, पण जगणं आणि पिकणं यात फरक आहे. पाण्याविना जगते हे खरं होतं. पाण्याविना पिकते हे कोणीच पाहिलं नव्हतं. आमच्या इकडं एक म्हातारी त्या वेळी म्हणाली होती, ‘बापू, कुंपणाले जे येत नाही ते वावरात कुठून येईन?’ समितीत ती नव्हती.

आज तीच घाई नव्या रूपात आहे. ड्रॅगन फ्रूट आहे, अवाकाडो आहे, चंदन आहे, दर दोन वर्षांनी नवं नाव. मी यांच्या विरोधात नाही. त्यातलं एखादं पीक उद्या आपल्या भागाचं संत्र्यासारखं नाव करेलही. पण मोबाइलवर व्हिडिओ पाहून, कर्ज काढून, थेट दोन एकर? रोपवाटिकेतून चार रोपं आणा. दोन न्हाणीच्या बाजूला लावा, दोन कोरड्यात. तीन उन्हाळे, तीन पावसाळे जाऊ द्या. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा पानाची कड जळते का, भादव्याच्या झडीत मूळ सडते का, माकडं खातात का, हे बघायला खर्च किती? पाचशे रुपये. कृषी केंद्राचे प्लॉट आहेत, तेही पाहा, पण त्यांची माती तुमची नाही.

आता मिरगाचं काम, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच. निंबू, संत्रा, आवळा, शेवगा काहीही लावायचं असेल तर दोन-दोन फुटांचे खड्डे आत्ता उघडेच असू द्या, ऊन खाऊ द्या. पहिल्या मोठ्या पावसाआधी वरची माती, दोन टोपली कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घालून जमिनीपेक्षा चार बोटं उंच भरा, माती नंतर बसते. ताजं शेण घालू नका, हुमणी येते. रोप एक-दोन पाऊस झाल्यावरच. ज्यांच्या घराचं पाणी मागं साचते त्यांनी संत्रा-निंबू उंचवट्यावर लावा, खोलात केळी. दोडकं, कारलं, कोहळं यांची आळी पहिल्या ओलीवर. पोपट शेंगांचे वेल कुंपणाला सोडा, ते थंडीत देतात आणि देतच राहतात. हेट्याच्या बिया याच दिवसांत टोका, फुलांची भाजी थंडीत होते. सांभार, मेथी, पालक, मुळा, गाजर यांची घाई नको, दसरा होऊ द्या. ढेमसं फेब्रुवारीत, उन्हाळ्यासाठी. उन्हाळ्यात पाणी कमी पडते त्यांनी झाडाशी मडकं पुरून भोकातून वात सोडावी आणि आळ्यात सोयाबीनचं कुटार चार बोटं पसरावं. खोडाला मात्र लागू देऊ नका, वाळवी चढते.

ज्यांनी मागचं आवार फरशीनं बंद केलं आहे त्यांच्यासाठी एकच. कडेनं दीड फुटाची पट्टी उघडी ठेवा किंवा फोडून काढा. एका शेवग्याला आणि दोन वेलांना तेवढी पुरते. आणि घरात कोणी म्हातारी असेल तर तिच्या मडक्यातलं, आढ्यावरचं बी या मिरगात आधी मातीत जाऊ द्या. दोडका, वाल यांच्या जुन्या बियांची उगवण दरसाली कमी होते. ओल्या फडक्यात दहा बिया बांधून चार-पाच दिवस ठेवा. सहा उगवल्या तर लावायला हरकत नाही, दोनच उगवल्या तर एका आळ्यात आठ-दहा टाका, आणि शेजारी कोणाकडं तेच वाण आहे का ते पावसाआधी विचारून घ्या.